पाव्हणं, नवीन चालू केलंय!

आजवर या पृथ्वीतलावर जे जे काही नवं निघालं, ते सगळं आमच्या साडूंनी सुरू करावं म्हणूनच निघालं, याबद्दल माझ्या मनात आता तिळमात्र शंका उरलेली नाही. शोध लावणारे लोक दूरदेशी कुठेतरी डोकं शिणवतात, कारखाने उभे राहतात, जाहिराती झळकतात, आणि हा सगळा खटाटोप शेवटी कुठे येऊन टेकतो, तर पुणतांब्याला, गोदाकाठच्या एका पेरूच्या बागेत, एका हाताने पायजमा सावरत दुसऱ्या हाताने मला फोन लावणाऱ्या माझ्या थोरल्या साडूंपाशी. थोरले साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. फोनवर ते 'हॅलो' म्हणत नाहीत, तब्येत विचारत नाहीत. एकदम म्हणतात, "पाव्हणं, एक नवीन चालू केलंय!" मग मी हातातला चहाचा कप खाली ठेवून देतो, कारण तो आता गार होणार हे ठरलेलं असतं.

माझा स्वभाव याच्या अगदी उलट. एका पतसंस्थेत कारकुनी करून मी निवृत्त झालो आणि नगरला सावेडीत एका फ्लॅटमध्ये सुखाने राहतो. आयुष्यात आपण होऊन काही सुरू केल्याचं मला आठवत नाही. नोकरी वडिलांनी लावली, लग्न मामांनी जमवलं, आणि थंडीत स्कूटरसुद्धा बायकोच सुरू करून देते, मी नुसता बसतो. माझी सगळी हौसमौज मुदत ठेवीत आहे. साडूंना माझी फार कीव येते. "पाव्हणं, तुमी जन्माला तरी आपल्या मनानं आलते का वो?" असं त्यांनी मला एकदा भर पंगतीत विचारलं होतं, आणि वाढणाऱ्या मंडळींनी जिलेबीचं ताट बाजूला ठेवून हसून घेतलं होतं.

त्यांच्या सुरुवातींची यादी करायला बसलो तर कागद पुरायचा नाही. एके वर्षी त्यांनी ससे पाळले. ससे विकून पैसा करायचा, हा बेत. पण आणल्या आणल्या प्रत्येक सशाला त्यांनी नाव ठेवलं, आणि नाव ठेवलेलं जनावर विकायचं कसं, या पेचात सापडले. ससे मात्र कसल्याच पेचात नव्हते. ते वाढत राहिले. अक्कांची, म्हणजे माझ्या मेव्हणीची, परसातली मेथी संपली, कोथिंबीर संपली, शेवटी आल्यागेल्या पाहुण्याला नारळाऐवजी सशांची जोडी मिळू लागली. आमच्या फ्लॅटच्या गॅलरीतही एक जोडी येऊन राहिली, आणि माझ्या बायकोच्या पैठणीचा पदर खाऊन गेली. मग कोरफड झाली. मग सूर्याच्या उन्हावर खिचडी शिजवायची पेटी झाली. तिच्यात सकाळी टाकलेली खिचडी संध्याकाळी तांदूळ म्हणूनच बाहेर आली, तेव्हा साडू म्हणाले, "सूर्याचा काई दोष न्हाई, आपन भूक आवरत न्हाई." मग योगासनं झाली. त्यात पाय डोक्यामागे नेण्याचं एक आसन त्यांना पहिल्याच दिवशी जमलं, पाय परत आणण्याचं जमेना. गोठ्यामागून हाका ऐकून अक्का शेणाने भरल्या हातांनी धावत गेल्या आणि त्यांनी नवऱ्याची गाठ सोडवली. प्रत्येक सुरुवात साडूंची आणि प्रत्येक शेवट अक्कांचा, अशी त्या घरातली कामाची वाटणी आहे. सशांना घरं शोधून दिली अक्कांनी, कोरफड उपटली अक्कांनी, आणि त्या पेटीत आता त्या सांडगे वाळवतात.

या कल्पना येतात कुठून, हे मला बरीच वर्षं कळत नव्हतं. मग लक्षात आलं. पुणतांब्याला गोदावरीच्या घाटावर सारखे कुणाचे ना कुणाचे दशक्रिया विधी चालू असतात, लांबलांबून माणसं येतात. साडू गावच्या भजनी मंडळात टाळ धरतात, त्यामुळे त्यांना बहुतेक ठिकाणी बोलावणं असतंच, आणि नसलं तरी ते जातातच. पिंडाला कावळा शिवेपर्यंत माणसांना बोलण्यावाचून दुसरा उद्योग नसतो. त्या वेळात साडू परगावच्या पाहुण्यांना गाठतात आणि तुमच्याकडं नवीन काय निघालंय, ते विचारून घेतात. इतर लोक घाटावरून वैराग्य घेऊन परततात, आमचे साडू काहीतरी चालू करायचा बेत घेऊन परततात. सशांची कल्पना एका माजी सरपंचाच्या दहाव्याला मिळाली होती, कोरफडीची एका निवृत्त तलाठ्याच्या.

तर अशाच एका दहाव्याला पुण्याहून आलेल्या कुणा जावयाने त्यांना सांगितलं की, जगात आता एक नवं नाणं निघालंय. ते हातात येत नाही, खिशात राहत नाही, त्यावर राजाचं तोंड नाही, पण त्याला भाव आहे. त्याला क्रिप्टो म्हणतात. झालं. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन. "पाव्हणं, एक नवीन चालू केलंय! नानं हाय, पन दिसत न्हाई."

"मग आहे हे कशावरून?"

"देव दिसतो का? चालू हाय ना त्याचं?"

मी गार झालेला चहा तसाच पिऊन टाकला.

या वेळी मात्र अक्कांनी पदर खोचला. त्या फार कमी बोलतात, पण बोलल्या की घरातला पंखासुद्धा हळू फिरतो. मी आणि माझी बायको पुणतांब्याला गेलो होतो, तर आमच्या देखतच त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "बांधाकडच्या पेरूच्या ओळी तुमच्या. त्यांच्या बहाराचं जे येईल ते घाला त्या न दिसनाऱ्या नान्यात. बुडालं तर मी एक सबुद बोलनार न्हाई. पन मग ह्ये शेवटचं. परत आयुष्यात काई नवीन चालू करायचं न्हाई. चारचौघांसारखं गप बसायचं. हाय कबूल?" साडूंच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. पैसे जाण्याचं त्यांना कधीच काही वाटलं नाही. पण परत काही चालू करायचं नाही म्हणजे मग उरलेल्या आयुष्यात करायचं तरी काय? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि म्हणाले, "कबूल." मला वाटतं, त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा त्यांनी एखादी गोष्ट भीत भीत सुरू केली.

नाणी विकणाऱ्या कंपनीचं ॲप त्यांनी मोबाईलवर घेतलं आणि तिथेच पहिली अडचण आली. ॲपला त्यांचा चेहरा बघायचा होता. साडूंनी लग्नातला फेटा बांधला, अत्तर लावलं आणि मोबाईलसमोर बसले. डावीकडे वळा, वळले. पापणी मिटा, मिटली. चेहरा आधारकार्डाशी जुळत नाही, असं उत्तर आलं. फेटा काढून पाहिला, तरी जुळेना. शेवटी अक्कांनीच कार्ड निरखून पाहिलं आणि त्यांच्या ध्यानात आलं की, आधारचा फोटो काढला त्या दिवशी साडूंची दाढ सुजलेली होती, उजवा गाल टम्म फुगलेला होता. साडू उठले, बागेत गेले, बेताचा एक पेरू तोडून गालात धरला आणि पुन्हा मोबाईलसमोर बसले. ॲपने तत्काळ ओळखलं. "बघा," ते मला फोनवर अभिमानाने म्हणाले, "कंपनी कुठली का असंना, पेरू आपलाच लागतो."

मग खरेदी. अख्ख्या नाण्याचा भाव बघून ते ओरडलेच, "पाव्हणं, येवढ्यात तर मळा येतो की वो विहिरीसकट!" मी म्हटलं, तुकडा घेता येतो. किती लहान? हवा तेवढा. मग शून्य, टिंब, पुन्हा शून्य, आणखी शून्य असं करत करत त्यांनी पेरूच्या पैशातला पहिला तुकडा घेतला आणि म्हणाले, "येवढं तर तुमची अक्का पोह्यात जिरं टाकती." त्यानंतर ते रोज बांधावर पेरूखाली बसून मोबाईलवर त्या नाण्याच्या भावाच्या कांड्या बघू लागले. भाव चढला की हिरव्या, उतरला की लाल. माझा फोन खणखणायचा. "हिरवं झालंय, लाल झालंय, पन पिवळं काई होईना. पिवळा पडल्याबिगर तोडायचा कसा?" त्यांना सगळ्यात जास्त खटकलं ते हे की, हा बाजार कधी बंदच होत नाही.

"दिवाळीला?"

"चालू."

"आमावस्येला तरी बंद असंल?"

"नाही हो दादा. अमावस्येलाही चालू."

"आन् मंग हमाल कधी झोपत्यात?"

आमच्या भागात बाजार समितीत अमावस्येला लिलाव बंद राहायचे, आडत्यांची दुकानं बंद, तोलाई बंद. साडूंच्या वडिलांनी, आजोबांनी अमावस्येला कधी माल हलवला नाही. तेव्हा साडूंनी जाहीर केलं की, त्या नाण्याचा बाजार कितीही चालू असला, तरी पुणतांब्यातला त्यांचा गाळा दर अमावस्येला बंद राहील. आणि तो राहिला. त्या दिवशी मोबाईल देवघरात, त्याच्यावर फूल.

दरम्यान पुण्याच्या त्या जावयाने फोनवर आणखी एक गोष्ट सांगितली. नाणी कंपनीकडे ठेवू नका, स्वतःचं वेगळं पाकीट करा, तेही मोबाईलमध्येच करता येतं. हे साडूंना लगेच पटलं. आपला कांदा आपल्या चाळीत, आडत्याच्या वखारीत कशाला? पाकीट केलं, माल तिकडे नेला, आणि त्या पाकिटाने त्यांना बारा इंग्रजी शब्द दिले. हीच किल्ली. मोबाईल हरवला, फुटला, तरी हे बारा शब्द ओळीने सांगितले की माल परत आपला. आणि ज्याला हे शब्द कळले, माल त्याचा. कुणाला सांगू नका, जपून लिहून ठेवा. आता साडूंचा कागदावर विश्वास नाही. त्यांच्या घरात कागद एक तर वाळवी खाते, नाही तर अक्का डब्याच्या तळाला घालतात. म्हणून त्यांनी ते पाठ करायचं ठरवलं. नुसते शब्द काही डोक्यात राहीनात. पण ज्या माणसाने उभा जन्म टाळ वाजवत शेकडो अभंग पाठ केले, त्याला बारा शब्दांचं काय? त्यांनी शब्दांना चाल लावली.

त्या शब्दांचा आता काही उपयोग उरलेला नाही, तरी मी चारच सांगतो, कारण बाकीचे सांगणार नाही असं मी साडूंना कबूल केलंय. 'रिव्हर लॅडर अंकल ऑरेंज' अशी ती रचना सुरू होते. चाल मात्र अशी गोड, की ऐकणाऱ्याची मान आपोआप डोलावी. बागेला पाणी देताना, गायीची धार काढताना, साडू गुणगुणत. मंडळाच्या सरावाला सगळे जमेपर्यंत टाळावर हलक्या हाताने धरत. मंडळाच्या बुवांनी, जे पेटी वाजवतात आणि पहिला आवाज लावतात, त्यांनी कौतुकाने विचारलं, "ही कुनाची रचना?" साडू गडबडले. म्हणाले, "लई जुनी हाय. अर्थ गूढ हाय." गूढ म्हटल्यावर बुवांनी ती आणखी मन लावून ऐकली, आणि त्यांच्या मागे बसणाऱ्या टाळकऱ्यांनीही. साडूंना यात काही वावगं वाटलं नाही. त्यांनी शब्द कुणालाच सांगितले नव्हते. ते तर फक्त गात होते.

आणि मग ती अमावस्या उजाडली. गावातल्या एका शंभरीला टेकलेल्या आजोबांचा त्या दिवशी दहावा होता. पोटभर आयुष्य जगून, मांडीवर पतवंडं खेळवून गेलेले ते आजोबा, माझ्या बायकोच्या नात्यातले. म्हणून आम्हीही नगरहून सकाळीच गेलो होतो. घाटावर ही गर्दी. प्रवचनकार वाटेत अडकलेले, तोवर मंडळाचं भजन चालू. पिंड ठेवून झालेला, आणि कावळा काही येईना. समोरच्या लिंबावर चांगले दहा-बारा बसलेले, पण खाली एकही उतरेना. मुलांनी हात जोडून सांगितलं, भावाभावांत भांडण करणार नाही. कावळे बसलेलेच. धाकट्या नातवाचं लग्न धूमधडाक्यात करू. बसलेलेच. कुणीतरी म्हणालं, म्हातारबाबाची लाडकी म्हैस विकू नका. विकत नाही म्हणून शपथ झाली, तरी कावळे ढिम्म. ऊन चढायला लागलं. बुवांचा घसा बसत आला होता, अभंगाचं पुढचं चरण त्यांना आठवेना, आणि चाल तर हातात धरलेली, मध्येच सोडता येईना. तेव्हा त्यांच्या तोंडून जे आलं ते आलं. "रिव्हर लॅडर अंकल ऑरेंज!"

मागच्या टाळकऱ्यांनी ते असं काही उचललं, की घाट दणाणला. बाराच्या बारा शब्द, ओळीने, दोनदा, मग दुगणीत, म्हणजे दुप्पट लयीत. मी साडूंकडे पाहिलं, तर त्यांचे डोळे पांढरे झालेले, तोंड मात्र सगळ्यांबरोबर गातंय, हात टाळ वाजवताहेत. चाळीस वर्षांची सवय, ती थोडीच थांबते. आणि तेवढ्यात लिंबावरून एक कावळा उतरला, ऐटीत चालत गेला आणि पिंडाला शिवला. सगळ्या घाटाने हात जोडले. शेजारच्या एक आजीबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "काय तरी जुनं पद असंल बाई. बाबाला तेच ऐकायचं हुतं."

साडूंच्या घरी येताच मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, दादा, अख्ख्या घाटाला तुमची किल्ली पाठ झालीय. घाटावर बाहेरगावची माणसं होती. आत्ताच्या आत्ता माल कंपनीकडे पाठवा आणि विकून मोकळे व्हा. शिवाय माझ्या मोबाईलवर भाव बघितला, तर तो त्या दिवशी असा चढत होता की मलासुद्धा, मुदत ठेवीच्या माणसाला, कपाळावर घाम आला.

"आज आमावस्या हाय," साडू म्हणाले.

"अहो, पण चोरी व्हायची!"

"व्हईल. पन आज माल हलवत न्हाई."

"निदान दुसऱ्या पाकिटात तरी टाका."

"त्येबी हलवनंच झालं की. पाव्हणं, आज्यानं प्लेगात सुदिक आमावस्या मोडली न्हाई, आन् मी ह्या दिसत नसलेल्या नान्यासाठी मोडू?" माझी बायको समजावून दमली. मी अक्कांकडे पाहिलं. आता हे बुडालं तर काय व्हायचं, ते आम्हा चौघांनाही माहीत होतं. अक्का भाकरी थापत होत्या. त्यांनी वर न बघता एवढंच म्हटलं, "त्यांच्या ओळी हायेत. त्यांनी ठरवावं."

मग पाखरांपासून बाग राखावी तसे साडू दिवसभर देवघरासमोर मोबाईल राखत बसले. काय राखत होते देव जाणे, कारण चोर काही दारातून येणार नव्हता. आले ते मंडळातले लोक. आमचा आरडाओरडा शेजारी ऐकू गेला होता, बुवांना कुणीतरी प्रकार समजावून सांगितला होता, आणि ते घाबरेघुबरे येऊन म्हणाले, "आजपासून ती चाल मी मुखातनं काढनार न्हाई. तिच्यासाठी पेटीवर बोटं ठेवली तर बोटं झडतील." त्यांच्या पाठोपाठ पखवाजवाले आले. उंबऱ्यातच उभे राहून, छातीवर हात ठेवून म्हणाले, "आईची आन, मला त्यातला एकबी सबुद ठावा न्हाई. रिव्हर न्हाई, लॅडर न्हाई, अंकल तर मुळीच न्हाई." एकेक टाळकरी येई, आपल्याला काय काय आठवत नाही ते ओळीने म्हणून दाखवी, आणि चहा घेऊन जाई. त्या दिवशी अक्कांनी किती दूध तापवलं ते त्यांनाच माहीत. माझी भीती केव्हा पळाली, मला कळलंही नाही. हसून हसून आमच्या बरगड्या दुखायला लागल्या, आणि शेवटी साडूही हसले.

आम्ही मुक्कामालाच राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, कपाळाला गंध लावून साडूंनी पाकीट उघडलं. सगळा माल जागच्या जागी होता. जिऱ्याएवढासुद्धा कमी झाला नव्हता. भाव मात्र जसा चढला होता, त्याच्या दुप्पट वेगाने खाली आला होता. विकून हातात आलं ते घातलेल्यापेक्षा पुष्कळ कमी. बांधाकडच्या ओळींमधला निम्मा बहार गेला म्हणा ना. साडूंनी पाकीट बंद केलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "भाव गेला, पाव्हणं. पन सगळ्या गावाला किल्ली ठावी असून एकानंबी हात लावला न्हाई. बघितलं ना तुमी?" त्या क्षणी मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला. मी तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि उठून आपला मोबाईल अक्कांच्या हातात दिला. अक्कांनी तो डाळीच्या डब्यात ठेवला आणि आपला बटनांचा साधा फोन त्यांना दिला. ठरलं होतं ते दोघांनीही पाळलं.

त्यानंतर फोन बंद झाले. सुरुवातीला मला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू? चहा गरम प्यायला मिळू लागला. पण हळूहळू त्या गरम चहाची मजाच गेली. सकाळी फोनकडे नजर जायची. बायको म्हणायची, तुम्हीच करा ना. मी केला, तर साडू म्हणाले, "हाय, बरं हाय. पाऊसपानी बरं हाय. ठेवू?" इतकं सरळ बोलणं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. ते घाटावर जात, टाळ वाजवत आणि तसेच परत येत. पाहुण्यांना काही विचारत नसत. मग एके दिवशी अक्कांचाच फोन आला. "दाजी, येऊन जा एकदा. सांगितल्यावानी गप बसू ऱ्हायलेत ते. जेवायला वाढलं की जेवत्यात, भाजीला नावबी ठेवत न्हाईत. मला वाटलं हुतं, घर शांत व्हईल तर बरं व्हईल. बघवत न्हाई वो."

आम्ही गेलो. साडू ओसरीवर बसले होते. मी एकदम चरकलो. हा माणूस सत्तरीच्या पुढे गेलाय, हे मला तोवर कधी दिसलंच नव्हतं. केस पिकले होते, खांदे वाकले होते. सतत काहीतरी चालू असल्यामुळे वय त्यांना गाठत नसावं, आणि आता बसलेले बघून त्याने गाठलं. जेवणं झाली. अक्का आत गेल्या, डाळीच्या डब्यातून सकाळीच चार्ज करून ठेवलेला मोबाईल काढला, पदराने पुसला, आणि नवऱ्यासमोर ठेवून स्वतः खाली बसल्या. आम्ही बघतच राहिलो.

"मला शिकवा," त्या म्हणाल्या.

साडूंना कळेना. "काय?"

"त्येच. न दिसनारं नानं. तुमी परत काई चालू करायचं न्हाई, असं ठरलंय. मी चालू करू नये, असं कुठं ठरलंय? विहिरीकडची एक ओळ माझी. तिच्या बहाराचं मी घालनार. पन शिकवायला कोन हाय मला दुसरं?"

"आगं, तुला न्हाई जमायचं," साडू म्हणाले, आणि म्हणता म्हणता सरकून जवळ बसले. "लई किचाट हाय त्यात. आधी त्वांड दाखवावं लागतं."

"दाखवते."

साडूंनी मोबाईल उचलला. अक्कांनी त्यांचा हात खालून धरला. मग त्यांनी शिकवायला सुरुवात केली. नाणं म्हणजे काय, तुकडा कसा घ्यायचा, लाल म्हणजे काय, हिरवं म्हणजे काय. आवाज हळूहळू मोठा होत गेला. मध्येच माझ्याकडे वळून डोळे मिचकावले, "पाव्हणं, बघू ऱ्हायले ना तुमी?" मी बघत होतो, पण मला स्पष्ट दिसत नव्हतं, आणि माझी बायको तर पाणी आणायच्या निमित्ताने केव्हाच आत गेली होती. अजून अशा किती सुरुवाती या माणसाच्या वाट्याला येतील, कोण जाणे. त्यांचं सगळं सांगून झालं, तेव्हा अक्का म्हणाल्या, "न्हाई कळलं. परत सांगा." त्यांनी परत सांगितलं. अक्कांना दुसऱ्याच वेळी सगळं कळलं होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तरी त्या म्हणाल्या, "परत एकदा," आणि साडूंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.